चौकोनी खोलीवर गोल घुमट टिकतो कसा?

एप्रिल 2025 मध्ये तुर्कस्तानने इस्तंबूलच्या आयासोफियाच्या दुरुस्तीचा नवा टप्पा हाती घेतला. या वेळी रोख आहे घुमटांवर आणि कारण आहे भूकंपाचं. त्याच महिन्याच्या 23 तारखेला मार्मारा समुद्रात 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला, त्यामुळे ही काळजी कितपत खरी आहे ते कुणाला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. तरी बातमी वाचून एक प्रश्न पडतोच. जी वास्तू 537 सालापासून उभी आहे, आधी चर्च, 1453 पासून मशीद, मग संग्रहालय आणि 2020 पासून पुन्हा मशीद असे सगळे फेरे जिने पाहिले, तिच्या घुमटाची आत्ताच एवढी चिंता कशाला?

तर तो घुमट 537 सालचा नाहीच. मूळचा घुमट 558 मध्ये कोसळला. तो नव्याने बांधून 562 च्या सुमारास पुरा झाला. 989 च्या भूकंपात त्याची पश्चिमेची बाजू गेली, 1346 मध्ये पूर्वेची. आज खाली उभं राहून वर पाहिलं की जो एकसंध वाटतो तो घुमट तीन वेगवेगळ्या शतकांतल्या तुकड्यांचा जोड आहे, आणि हे तुकडे एकमेकांशी तंतोतंत जुळतही नाहीत.

घुमट का पडतो हे एकदा समजलं की जगभरच्या मोठ्या मशिदींचा आकार वाचता येतो. अर्धघुमट, कोपऱ्यांतल्या कमानी, खांबांच्या डोक्यावरचे छोटे बुरूज यांना पाहणारा सजावट समजतो. त्यातलं बरंचसं घुमटाला आवरण्यासाठी केलेलं असतं. बरंचसं म्हटलं, सगळं नाही. निव्वळ सजावट कोणती, तेही पुढे येईल.

वजन खाली जातं, मग धक्का बाजूला का बसतो?

दगड, वीट आणि चुना या तिन्हींचा स्वभाव सारखा आहे. दाबलं तर कितीही सोसतात, ताणलं तर लगेच तडकतात. म्हणून दोन खांबांवर आडवी शिळा टाकून फार मोठं अंतर गाठता येत नाही. शिळेच्या खालच्या अंगाला ताण येतो आणि ती मधोमध मोडते. कमानीत ही अडचण टळते. पाचरीच्या आकाराचे दगड अर्धवर्तुळात लावले की प्रत्येक दगड खाली पडायला बघतो आणि शेजारच्या दोन दगडांत अडकतो. वजन दगडादगडातून सरकत पायथ्याशी येतं, पण येतं तिरपं. त्याचा एक हिस्सा सरळ खाली जातो, दुसरा भिंतीला बाहेर ढकलतो. या बाहेरच्या ढकलण्याला पुढे ‘रेटा’ म्हणू.

कमानीसारखं दिसणारं सगळं कमान नसतं. दिल्लीत कुतुबमिनारशेजारच्या कुव्वत-उल-इस्लाम मशिदीची दर्शनी भिंत 1199 च्या सुमाराची. तिच्यातल्या उंच कमानी खरं तर आडव्या थरांच्या आहेत. प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे काढत नेऊन वर टोकं भेटवली आहेत. आपल्याकडच्या मंदिरांतल्या कारागिरांच्या हातातली ती जुनी पद्धत. तिथून जेमतेम शंभर पावलांवर, त्याच आवारात 1311 चा अलाई दरवाजा आहे. तिथे पाचरी दगडांची खरी कमान आहे आणि तिच्यावर खरा घुमट. फरक ओळखायचा तर दगडांमधले सांधे पाहावेत. सगळे सांधे आडवे असतील तर ते पुढे काढलेले थर, आणि चाकाच्या आऱ्यांसारखे एका केंद्राकडे वळलेले असतील तर खरी कमान.

रेट्याबद्दल आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायला हवी. अंतर तेवढंच ठेवून कमानीची उंची निम्मी केली की रेटा जवळपास दुप्पट होतो. बसकी कमान दिसायला नाजूक, सांभाळायला कठीण.

घुमट म्हणजे हीच कमान स्वतःभोवती फिरवलेली. पण त्यात एक नवी भानगड येते. अर्ध्या संत्र्याची साल पालथी ठेवा आणि वरून तळव्याने हळूच दाबा. माथा शाबूत राहतो, खालची कड बाहेर फाकते आणि कडेपासून वर जाणाऱ्या उभ्या चिरा पडतात. विटांच्या घुमटाचंही असंच होतं. सारख्या जाडीचा अर्धगोल घुमट घेतला तर माथ्यापासून साधारण 52 अंशांपर्यंतचा भाग सगळ्या बाजूंनी दाबात असतो. त्याच्या खाली आडव्या दिशेने ताण सुरू होतो, आणि तो विटेला सोसत नाही. जुन्या घुमटांच्या बुडाशी उभ्या चिरा सापडतात त्या यामुळे. त्या असणं ही काही बांधणाऱ्याची चूक नव्हे.

आयासोफियात नेमकं काय बिघडलं?

घाई झाली, आणि घुमट बसका होता. पूर्व रोमन, म्हणजे बायझंटाइन, सम्राट जस्टिनियनचे दोन रचनाकार, अँथेमियस आणि इसिडोर, यांनी 532 ते 537 या सहा वर्षांच्या आत एवढं प्रचंड काम उरकलं. विटा चार-पाच सेंटीमीटर जाडीच्या, आणि मधले चुन्याचे थर विटांइतके किंवा त्यांहूनही जाड. विटकरीचा चुरा घातलेला चुना सावकाश घट्ट होतो, आतपर्यंत मुरायला त्याला वर्षं लागतात. इथे तो ओला असतानाच वर वजन चढत गेलं. मुख्य खांब बाहेर कलले, चार मोठ्या कमानी फाकल्या, आणि सुमारे 31 मीटर व्यासाच्या घुमटाचं खालचं वर्तुळ लंबगोल झालं. मग भूकंप आले.

नवा घुमट बांधताना त्या इसिडोरच्या पुतण्याने, धाकट्या इसिडोरने, तो सुमारे सहा मीटर उंच केला. रेटा कमी करण्याचा सगळ्यात सरळ मार्ग तोच. घुमटाच्या बुडाशी चाळीस खिडक्या आहेत. त्यांमधून प्रकाश आल्यामुळे घुमट तरंगल्यासारखा दिसतो, याचं सगळेच कौतुक करतात. पण चिरा जिथे पडणारच, तिथे आधीच उघडीप ठेवली आणि मधल्या चाळीस फासळ्यांना बाहेरून जाड टेकू दिले, असंही त्याकडे पाहता येतं.

तरी मुळातला एक दोष राहिलाच. पूर्व-पश्चिम बाजूंना अर्धघुमट टेकलेले आहेत. उत्तर-दक्षिणेला मात्र नुसत्या कमानी. त्या बाजूंना बाहेरून धिरे, म्हणजे भिंतीला रेलून बांधलेले भक्कम आधार, पुढच्या शतकांत चढत गेले. इमारत बाहेरून ओबडधोबड दिसते ती यामुळे. 1847 ते 1849 च्या दुरुस्तीत फोस्साती बंधू या स्विस वास्तुरचनाकारांनी घुमटाच्या बुडाशी लोखंडी साखळी आवळली.

चौकोनाच्या चार कोपऱ्यांचं काय करायचं?

नमाजाच्या रांगा किबल्याच्या, म्हणजे मक्केच्या, दिशेला काटकोनात लागतात. किबल्याच्या बाजूची भिंत सरळ असणं त्यामुळे सोयीचं, आणि खोली चौकोनी होते. तिच्यावर गोल घुमट ठेवला तर चार कोपरे उघडे पडतात. वर्तुळाची कड तिथे टेकणार कशावर?

जुना इराणी तोडगा कोपरकमानीचा. प्रत्येक कोपऱ्यावर तिरपी छोटी कमान टाकली की चौकोनाचा अष्टकोन होतो, त्यावर आणखी छोट्या कमानी टाकल्या की सोळा बाजू, आणि सोळा बाजूंवर वर्तुळ सहज बसतं. अलाई दरवाजात हाच प्रकार आहे. बांधायला सोपा, पण खोली फार मोठी झाली की ती तिरपी कमान अवजड होते.

दुसरा तोडगा आयासोफियातला. चार बाजूंना चार मोठ्या कमानी, आणि दोन कमानींच्या मधल्या कोपऱ्यात खाली निमुळता व वर रुंद होत जाणारा वक्र त्रिकोण. चारही त्रिकोणांच्या वरच्या कडा मिळून पूर्ण वर्तुळ बनतं. पुस्तकांत याला पेंडेंटिव्ह म्हणतात. सगळं वजन चार खांबांवर उतरतं, खालची जागा मोकळी राहते. अर्थात चारांपैकी एक खांब हलला तरी सगळंच हललं.

विजापूरकरांनी काय केलं?

तिसरा तोडगा आपल्या सोलापूरपासून शंभरेक किलोमीटरवर आहे, आणि माझ्या मते तिन्हींत तोच सगळ्यात हुशार.

कागदावर एक मोठा चौकोन काढा. त्याच्या प्रत्येक बाजूवर दोन-दोन बिंदू घ्या, असे की आठही बिंदू जोडल्यावर समान बाजूंचा अष्टकोन होईल. आता एक आड एक बिंदू जोडा. एकमेकांवर तिरपे पडलेले दोन चौकोन मिळतील आणि त्यांच्या मधोमध छोटा अष्टकोन उरेल. कागदावरची प्रत्येक रेघ म्हणजे प्रत्यक्षात एक उंच कमान. आठ कमानी एकमेकींना छेदत वर चढतात, एकमेकींना आवळून धरतात, आणि घुमटाची बैठक आपोआप आत सरकते. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींची कल्पना तैमूरी काळातल्या इराण आणि मध्य आशियात होतीच. इतक्या मोठ्या मापावर ती नेली आदिलशाहीतल्या गवंड्यांनी.

पहिल्या अली आदिलशहाच्या काळात, 1570 च्या दशकात सुरू झालेल्या जामा मशिदीत हा प्रकार मध्यम आकारात आहे. मशीद कधीच पुरती पूर्ण झाली नाही. पण घुमटाखालच्या त्या कमानी खालूनही स्पष्ट वाचता येतात, त्यामुळे रचना समजून घ्यायला गोलघुमटापेक्षा मी आधी हीच वास्तू पाहायला सांगेन.

1656 चा गोलघुमट ही मशीद नाही, मुहम्मद आदिलशहाची कबर आहे. रचना मात्र तीच. आतला चौकोन सुमारे 41 मीटरचा, घुमटाचा आतला व्यास सुमारे 38 मीटर. आठ कमानींमुळे झालेली बैठक घुमटाच्या कडेपेक्षाही आत येते. कुजबुज ऐकू येते म्हणून प्रसिद्ध असलेला सज्जा याच आत आलेल्या भागावर आहे. घुमट बाहेर रेटत असतो, तर सज्जाखालचा हा भाग आपल्या वजनाने आत कलायला बघतो. दोन्ही एकमेकांना बरंचसं फेडून टाकतात. एवढ्या मोठ्या घुमटाला आयासोफियासारखे बाहेरचे धिरे लागले नाहीत, त्यामागे हे मोठं कारण आहे. कुजबुज ऐकून परत येणाऱ्यांतले फार थोडे जण खाली वाकून कमानींकडे बघतात.

जाता जाता, ‘जगातला दुसरा सर्वांत मोठा घुमट’ हे गाईडचं वाक्य जपून घ्यावं. रोमचं पँथेऑन 43 मीटरचं आहे, आणि सेंट पीटर्स व फ्लोरेन्सचं कॅथेड्रलही व्यासात पुढे आहेत. मध्ये एकही खांब न घेता एका घुमटाखाली झाकलेली जमीन मोजली तर मात्र विजापूर पँथेऑनच्याही पुढे जातं, कारण खाली वर्तुळ नसून 41 मीटरचा चौकोन आहे.

सिनानने खांबांवर वजन वाढवलं, ते का?

उस्मानी (ऑटोमन) दरबाराचा मुख्य वास्तुरचनाकार सिनान याच्यासमोर आयासोफिया रोज उभी होती, दोषांसकट. सुलेमानिये मशिदीत (1550 ते 1557) त्याने जवळजवळ तोच आराखडा घेतला: मध्ये घुमट, दोन बाजूंना अर्धघुमट, उरलेल्या दोन बाजूंना कमानी. पण घुमट 26 मीटरच्या आसपास ठेवला, आणि उत्तर-दक्षिणेचे धिरे उघडे न ठेवता भिंतीच्या थोडे आत, थोडे बाहेर असे बांधून मधली जागा सज्जांनी भरून काढली. बघणाऱ्याला सज्जे दिसतात, धिरे लक्षात येत नाहीत.

तुर्कस्तानातल्याच एदिर्ने शहरातल्या सेलिमिये मशिदीत (1575 मध्ये पूर्ण) तो पुढे गेला. सुमारे 31 मीटरचा घुमट चारांऐवजी आठ खांबांवर. रेटा आठ ठिकाणी वाटला गेला. त्या प्रत्येक खांबाच्या डोक्यावर छपराबाहेर एक जड छोटा बुरूज आहे. आधीच एवढं वजन असताना वर आणखी दगड का चढवायचे? कारण तिरप्या रेट्यात सरळ खाली जाणारं वजन मिसळलं की एकूण बलाची दिशा उभी होत जाते. ती रेषा खांबाच्या पायातून गेली तर खांब टिकतो, पायाबाहेर गेली तर उलथतो. बुरूज काढून टाकले तर इमारत हलकी होईल, आणि नेमकी त्याच कारणाने धोक्यात येईल.

मनोऱ्यांना हे काम लागू नाही. सेलिमियेचे चार मनोरे सत्तर मीटरच्या आसपास उंच आहेत, पण ते घुमटापासून सुटे आहेत. त्यांचं काम अजानचं आणि लांबून दिसण्याचं.

उस्मानी मशिदींच्या कमानींत खांबापासून खांबापर्यंत आडव्या लोखंडी सळया दिसतात. त्या दिवे टांगण्यासाठी नाहीत. विटेला जो ताण झेपत नाही तो लोखंडाने घ्यावा म्हणून त्या आहेत.

आतून बुटका, बाहेरून उंच

इराणातल्या इस्फहानच्या शाह मशिदीत (1611 मध्ये सुरू, आता इमाम मशीद) घुमट दुहेरी आहे. आतला सुमारे 38 मीटर उंचीवर संपतो, बाहेरचा 50 मीटरच्या वर जातो, मध्ये पोकळी. शहरभर दिसायचं तर घुमट उंच हवा. तीच उंची आतून ठेवली तर खालच्या माणसाला विहिरीत उभं राहिल्यासारखं होईल. दोन पातळ कवचांनी दोन्ही साधतं, शिवाय एका जाड कवचापेक्षा वजन कमी. बाहेरच्या कवचाला आतून केंद्राकडे जाणाऱ्या पातळ उभ्या भिंती आणि लाकडी आडके आधार देतात. त्या पोकळीत सामान्य पाहुण्याला प्रवेश नसतो, म्हणून बहुतेकांना ती असल्याचाच पत्ता नसतो.

आता निव्वळ सजावटीकडे. प्रवेशकमानीत मधमाशांच्या पोळ्यासारखे एकाखाली एक उतरणारे छोटे कोनाडे म्हणजे मुकर्नस. सुरुवातीला ते कोपरकमानीचेच छोटे तुकडे होते. पुढे इराणात त्यांनी भार वाहणं सोडलं. कित्येक ठिकाणी हे सगळं गिलाव्याचं आणि फरशीचं असून मागच्या छताला टांगलेलं आहे. ते काढलं तरी इमारत पडणार नाही, फक्त उघडी-बोडकी दिसेल.

घुमट नसेल तर मशीद होत नाही का?

होते. मदिनेतली पैगंबरांची मूळ मशीद खजुराच्या खोडांची आणि झावळ्यांच्या छपराची होती. गरज असते ती स्वच्छ जागेची, किबल्याच्या दिशेची आणि वजूच्या, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याच्या, पाण्याची. बाकी सगळं हवामान, साहित्य आणि पैसा ठरवतात. गोव्यात फोंड्याच्या साफा मशिदीवर (1560) उतरतं कौलारू छप्पर आहे, कारण कोकणपट्टीच्या पावसाला तेच योग्य. श्रीनगरच्या जामा मशिदीत 378 देवदारी खांब आणि वर निमुळती लाकडी शिखरं आहेत. स्पेनमधल्या कोर्दोबाच्या मशिदीत शेकडो खांबांवर दुमजली कमानी आणि बहुतेक भागावर लाकडी छत. इस्लामाबादच्या फैसल मशिदीवर काँक्रीटचा तंबू आहे, घुमट नाहीच.

आणि हे सगळं रोमन-इराणीच आहे, यात इस्लामी काय, या आक्षेपाचं उत्तरही मोकळेपणाने द्यावं. घुमट उसना आहे. कोपरकमान इराणच्या सासानी राजांकडून आली, वक्र त्रिकोण बायझंटाइनांकडून. त्यावर रचलेला दुहेरी घुमट, छेदणाऱ्या कमानींची बैठक, मुकर्नस आणि एका घुमटाखाली रांगांसाठी सलग मोकळी जागा मिळवण्याचा शतकानुशतकांचा खटाटोप ही भर मशिदी आणि मकबरे बांधणाऱ्यांची.

आजच्या नव्या मशिदींचे घुमट या कशातच बसत नाहीत. काँक्रीटमधली सळई ताण स्वतःच घेते, त्यामुळे दहा-बारा सेंटीमीटर जाडीचं कवचही उभं राहतं. फायबरचा तयार घुमट तर क्रेनने आणून सपाट स्लॅबवर बसवतात. रेटाच नाही, मग बाकीच्या करामतीही नाहीत.

जुना घुमट दुरुस्त करताना काय चुकतं?

बहुतेक वेळा सिमेंट. जुना चुना सच्छिद्र असतो, पाणी शोषतो आणि उन्हात सोडतो. वरून सिमेंटचा गिलावा केला की बारीक चिरांतून पाणी आत जातं, पण बाहेर पडायला वाट उरत नाही. पाण्यातले क्षार विटेच्या आत स्फटिक होतात आणि वीट पिठासारखी सुटते. गिलावा वरून चकचकीत राहतो, म्हणून काही वर्षं कुणाला कळतही नाही. चुना पुरेसे दिवस भिजवून, दगडी चाकाच्या घाण्यात मळून, त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालण्याची आपल्याकडची पद्धत वेळखाऊ आहे, पण अशा वास्तूला ती मानवते. उस्मानी घुमटांवर शिशाचे पत्रे असतात. शिसं मऊ, उन्हात सैलावतं आणि थंडीत आकसतं. पण त्याचे जोड उचकटले की पाणी थेट विटेवर.

दुसरं म्हणजे पिंपळ आणि वड. नुसतं वरून कापून उपयोग नसतो, मुळं आत जाड होत राहतात. तिसरं लोखंड: दगडांत बसवलेल्या पट्ट्या गंजल्या की फुगतात आणि जो दगड धरून ठेवायचा त्यालाच फोडतात.

चिरांमध्ये फरक करावा लागतो. बुडापासून निघून वर जाताना बारीक होत विरून जाणारी चीर बहुधा जुनी आणि थंडावलेली असते. जिची एक कड दुसरीपेक्षा पुढे आली आहे, किंवा जी खालच्या मोठ्या कमानीच्या माथ्यापर्यंत जाते, ती गंभीर. चीर जिवंत आहे का ते पाहायला तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवतात आणि तारीख लिहून ठेवतात. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे. मात्र निदान एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक हिवाळा थांबावं लागतं, कारण तापमानाबरोबर प्रत्येक चीर थोडी उघडते आणि मिटते. त्यानंतर आधी पाणी थांबवायचं, मग रेट्याला बांध घालायचा, आणि पातळ चुना चिरेत भरणं सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा करून घट्ट सिमेंटने आधी चीर बुजवली की घुमट पुढच्या ऋतूत तिच्या शेजारीच नवी चीर उघडतो.